एकशे चौदा नंबरचं झाड

सकाळी नऊ वाजता मी विश्रामगृहावर पोचलो तेव्हा सबनीसबाईंचे एकतीस पक्षी बघून झाले होते.

"तुम्ही सात वाजता येणार होता," त्या म्हणाल्या. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही, पायात कॅनव्हासचे बूट.

"गाडी पंक्चर झाली होती, मॅडम."

"कुठलं चाक?"

"मागचं," मी म्हणालो. त्याच वेळी आमचा ड्रायव्हर भिकाजी धुरी म्हणाला, "फुडला."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. पंक्चरबद्दल नसावं. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "मला इथं बसून बघता आलं. या एका फणसावर अकरा जाती आल्या."

गाडी पंक्चर झालीच नव्हती. मी आणि भिकाजी दोन तास नाक्यावरच्या हॉटेलात उसळपाव खात बसलो होतो, आणि ते आमचं सरकारी काम होतं.

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. मी सिद्राम बिराजदार, तेव्हा सव्वीस वर्षांचा कनिष्ठ अभियंता, नोकरीत अजून कायम न झालेला. खात्याचं नाव सांगत नाही. बांबरखोल नावाची साठ घरांची वाडी होती, घाटाच्या पायथ्याशी, गोव्याच्या हद्दीला टेकलेली. तिला रस्ता नव्हता. माणूस आजारी पडला की चौघांनी डोलीत घालून सात किलोमीटर खाली आणायचा. त्या वाडीला रस्ता करायचं ठरलं होतं आणि खात्यानं आखलेला रस्ता दाट रानातून जात होता. रान आहे म्हणून वरून पत्र आलं की आधी एखाद्या जाणकाराकडून तिथल्या पक्ष्यांची पाहणी करून घ्या. जाणकार म्हणून आल्या त्या कोल्हापूरच्या निवृत्त प्राध्यापिका, हेमलता सबनीस. वय चौसष्ट.

आदल्या दिवशी दुपारी देशमानेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. ते माझे वरिष्ठ.

"उद्या बाईंना तू फिरवायचंस," ते म्हणाले. "पक्षी दिसता कामा नयेत."

"साहेब, पक्षी उडतात."

"म्हणून तर बरोबर माणूस देतोय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. उशिरा निघ. जाताना हॉर्न वाजवत जा. रबराच्या बागांतून ने, तिथं चिमणीसुद्धा फिरकत नाही. जागा दाखवायची ती भर उन्हात, तेव्हा पक्षी झोपलेले असतात. चार वाजता परत.

"तू यंदा कायम व्हायचा आहेस ना?"

"हो साहेब."

"मग झालं तर."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. मी अक्कलकोटकडचा. आमच्याकडे पाखरू म्हणजे ज्वारी खातं ते. लहानपणी मी माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाकलत असे. तेच काम एक दिवस पुन्हा करायचं, एवढंच. शिवाय वाडीला रस्ता हवा होता, त्यात खोटं काहीच नव्हतं.

तर आम्ही निघालो. बाई पुढं बसल्या, मी मागं. विश्रामगृहाचं फाटक ओलांडल्यावर भिकाजीनं पहिला हॉर्न दिला. समोरच्या बांबूच्या बेटातून हिरव्या रंगाचा एक थवाच्या थवा उडाला.

"हरियाल," बाई म्हणाल्या. "अठरा, एकोणीस... वीस. थँक्यू हं."

भिकाजीनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. पुढच्या वळणावर त्यानं पुन्हा हॉर्न दिला, आणि ओढ्यात बसलेला एक मोठा तपकिरी गरुड उठून समोरच्या फांदीवर जाऊन बसला, अगदी फोटोसाठी बसावा तसा.

"सर्पगरुड," बाई म्हणाल्या. "तुमच्या ड्रायव्हरना सवय दिसते."

"मारू काय अजून?" भिकाजीनं विचारलं.

"नको," मी म्हणालो.

"तुम्हीच सांगितलात मारूक."

"आता मीच सांगतोय नको म्हणून."

रबराच्या बागा मात्र साहेब म्हणाले होते तशाच निघाल्या. सरळ रांगा, बुंध्याला टांगलेल्या वाट्या, खाली वाळका पाला आणि आवाज नाही. मी बाईंना तिथं पाऊण तास चालवलं. त्यांनी तक्रार केली नाही. शेवटी एका झाडाला टेकून त्यांनी वहीत लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'रबर. पंचेचाळीस मिनिटं. दोन कावळे.'

मला बरं वाटलं. बाई पान उलटत म्हणाल्या, "हे फार उपयोगी पडेल. रान तोडून रबर लावलं की काय उरतं, ते असं आकड्यात कधी मिळत नाही. तुम्ही मुद्दाम आणलंत ना मला?"

"हो," मी म्हणालो.

रबराच्या पलीकडं खरं रान लागलं. इथून आमची आखणी सुरू होत होती. दर पन्नास पावलांवर लाल टोकाची खुंटी आणि मधल्या झाडांवर लाल नंबर. बाईंशी बोलताना एव्हाना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. डावीकडून बोललं की त्यांना ऐकू जात नाही. म्हणून मी वाट अशी धरली की दाट झाडी त्यांच्या डाव्या हाताला राहावी. मी उजवीकडून चालत राहिलो आणि मोठ्यानं बोलत राहिलो. अक्कलकोटचा पाऊस, अक्कलकोटची ज्वारी, माझ्या बहिणीचं लग्न.

दहा मिनिटांनी बाई थांबल्या.

"बिराजदार, तुम्ही जरा या बाजूला या. माझा डावा कान गेलेला आहे, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल."

"नाही, मॅडम."

"अस्सं. मग आता आलं."

आम्ही बाजू बदलली. बाई मागं वळून उभ्या राहिल्या आणि झाडी त्यांच्या उजव्या हाताला आली. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मान थोडी कलती केली. मला तर किरकिर सोडून काही ऐकू येत नव्हतं. बाई पुटपुटत लिहीत होत्या. हरेवा. निखार. तांबट. पुन्हा तांबट, दुसरा. मग एकदम त्यांनी माझी बाही धरली आणि सावलीतल्या एका फांदीकडं बोट दाखवून दुर्बीण माझ्या हातात दिली. तिथं छाती लालभडक असलेला एक पक्षी आमच्याकडं पाठ फिरवायला तयार नसल्यासारखा बसला होता. अगदी गप्प. मी त्याला मनातल्या मनात उड म्हटलं. तो उडाला नाही.

"कर्णा," बाई म्हणाल्या. "मी शेवटचा नऊ वर्षांपूर्वी पाहिला."

मी दुर्बीण लगेच परत दिली नाही. का दिली नाही ते ठाऊक नाही. बाईंनीही मागितली नाही.

जेवणात दोन तास घालवायचे होते. भिकाजीनं त्यासाठी खालच्या गावात सुरमईची व्यवस्था केली होती. बाईंनी पिशवीतून दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, उभ्या उभ्या खाल्ली, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चला." सात मिनिटं झाली होती. सुरमई आम्हाला मिळाली नाही. भिकाजी त्याबद्दल पुढं कित्येक वर्षं बोलत असे.

बारा वाजून गेले होते. आता तरी पक्षी झोपतील, असं मी धरून चाललो होतो. ऊन वरून झिरपत होतं. खरंच सगळं शांत झालं. आम्ही आखणीवरून सावकाश चढत होतो. तेवढ्यात बाई एका प्रचंड झाडाखाली थांबल्या आणि जमिनीकडं बघायला लागल्या. पक्षी बघायला आलेलं माणूस जमिनीकडं बघतंय म्हटल्यावर मी निश्चिंत झालो.

"हे बघा," त्या म्हणाल्या. बुंध्याच्या एका बाजूला खाली फळांच्या बियांचा सडा पडला होता आणि बुंध्यावरून पांढरट ओघळ आले होते. बाईंनी वर पाहिलं. तीन मजले उंचीवर खोडाला एक ढोली होती. तिचं तोंड मातीनं लिंपून टाकल्यासारखं बंद होतं. मधे फक्त एक उभी फट. "धनेश," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे माडगरुड म्हणतत त्येका," भिकाजी हळूच म्हणाला. तो सकाळपासून पहिल्यांदाच गाडी सोडून आमच्याबरोबर आला होता. "मादी आत बसता. दार लिंपून घेता. नर बाहेरसून खावक आणून देता. दोन-तीन म्हयने ती भायर येणां नाय."

"आणि नर आला नाही तर?" मी विचारलं.

"तर काय? मगे संपला."

बाई झाडाभोवती फिरून पलीकडं गेल्या. तिकडं छातीच्या उंचीवर लाल रंगात नंबर होता. ११४.

"हा कोणी घातला?"

"मी, मॅडम."

"अक्षर सुंदर आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला तीस-चाळीस पावलं मागं नेलं, करवंदीच्या जाळीमागं बसवलं आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. आम्ही बसलो. अर्धा तास गेला. एक तास गेला. मुंग्या चढल्या. नर येऊ नये, अशी माझी इच्छा होती. नर आला नाही तर बाई काय लिहिणार? जुनी ढोली, रिकामी असावी. एवढ्यावर माझं काम भागणार होतं. आणि तरी मी त्या फटीवरून नजर काढत नव्हतो.

आधी आवाज आला. दोन माणसांनी ओली सतरंजी दोन टोकांना धरून झटकावी तसा. झाडांच्या शेंड्यांवरून तो जवळ येत गेला आणि मग तो पक्षी आला. एवढा मोठा पक्षी असतो हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. पिवळी चोच, तिच्यावर आणखी एक चोच ठेवल्यासारखं काहीतरी. तो बुंध्याला लटकला आणि आजूबाजूला बघत राहिला. बराच वेळ. मग घशातून एक उंबर काढून चोचीच्या टोकात आणलं आणि फटीत दिलं. आतून दुसरी चोच आली आणि ते घेऊन गेली. मग दुसरं. मग तिसरं.

मी नकळत मोजायला लागलो होतो. तो उडून गेल्यावर बाईंनी विचारलं, "किती?"

"बेचाळीस."

"माझी एक्केचाळीस झाली." त्यांनी वहीतला आकडा खोडला. "तुमचं बरोबर असेल. मी एकदा चष्मा पुसला."

खाली गाडीपाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. साहेबांच्या हिशेबानं मी अजून वेळेत होतो. भिकाजी गाडी वळवत होता, तेवढ्यात काजूच्या बागांकडून येणाऱ्या पायवाटेवर माणसं दिसली. चौघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडी बांधलेली, घोंगडीत एक बाई. पुढच्या माणसानं भिकाजीला ओळखलं.

"भिकाजी! गाडी मिळात काय रे? वयनी काजीवरसून पडली. पाय मोडलो."

तिचं नाव सगुणा गावकर. तिशीची असेल. मांडीखालचा पाय भलत्याच दिशेला वळला होता. ती रडत नव्हती, तोंडात पदराचा बोळा होता. सबनीसबाई पुढच्या सीटवरून उतरल्या आणि मागं आल्या. सगुणाला मागच्या बाकावर आडवं घेतलं, डोकं बाईंच्या मांडीवर, पाय मी धरलेले. तिचा दीर पुढच्या रिकाम्या सीटवर बसला. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत एक तास लागतो. त्या तासात तिनं माझा अंगठा पकडून ठेवला होता. खड्डा आला की ती अंगठा दाबायची. खड्डे बरेच होते आणि ते आमच्याच खात्याचे होते.

मधे एकदा मी तिच्या दिराला विचारलं, "तुम्ही रानातून का नाही आलात? तीन किलोमीटर वाचले असते."

"त्या वाटेन?" तो म्हणाला. "थय कोण जाता? पावसात व्हाळ येता, दरड येता. चार म्हयने ती वाट बंद. आमचो बापूस पण ह्याच वाटेन गेलो, आजो पण."

"मग रस्ता कुठून हवा होता तुम्हाला?"

"हयसूनच. आमी अर्जात तसाच लिवला होता."

सबनीसबाई माझ्याकडं पाहत होत्या. मी सगुणाच्या पायाकडं पाहिलं.

ते मला ठाऊक होतं. ऑक्टोबरात मी स्वतः त्या पायवाटेची मोजणी केली होती. सात किलोमीटर, चढ सोपा, एकही मोठा ओढा नाही. नकाशे तयार झाले होते. पण ती वाट एका वजनदार माणसाच्या काजूच्या बागेतून जात होती. नोव्हेंबरात साहेबांनी मला रानातून दुसरी आखणी करायला सांगितलं आणि मी केली. झाडांना नंबर घातले.

सगुणाला दवाखान्यात सोपवून आम्ही विश्रामगृहावर परतलो तेव्हा साडेपाच झाले होते. बाईंच्या साडीला रक्त लागलं होतं, ते त्यांनी मोरीवर धुतलं आणि ओल्या साडीनिशीच व्हरांड्यात येऊन वही उघडली. देशमानेसाहेब आधीच येऊन बसले होते. चहा आला.

"मग मॅडम, कसा गेला दिवस?" साहेब म्हणाले. "आता उन्हाळा. पक्षी काही फारसे नसतील."

"शहात्तर."

"शहात्तर पक्षी?"

"शहात्तर जाती. पक्षी मोजायचे झाले तर अजून तासभर लागेल."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या पालीकडं पाहिलं.

बाईंनी यादी वाचून दाखवली. शेवटी माडगरुडाच्या घरट्यावर आल्या, झाडाचा नंबर सांगितला. साहेबांनी कप खाली ठेवला.

"ते झाड आखणीत नाही, मॅडम. आमच्या लोकांनी उगाच जास्तीचे नंबर घातलेत. हो ना रे, बिराजदार?"

हा प्रश्न मला पुढं अनेक वेळा आठवला. त्यात अवघड काहीच नव्हतं. 'हो' म्हणायचं होतं. माझा उजवा अंगठा सुजून ठणकत होता, एवढंच मला त्या वेळचं स्पष्ट आठवतं.

"आखणीच्या मधोमध आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी कप पुन्हा उचलला.

"आणि आधीची एक आखणी आहे," मी बाईंना म्हणालो. "पायवाटेवरून. वाडीला तीच हवी आहे. नकाशे माझ्या कपाटात आहेत."

"ती रद्द झालेली आहे," साहेब म्हणाले.

"का?" बाईंनी विचारलं.

"तांत्रिक कारणं."

"कोणती?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. बाईंनी माझ्याकडं मान वळवली, चांगला कान माझ्या बाजूला करून. "कोणती, बिराजदार?"

"काजूची बाग," मी म्हणालो.

साहेब उठले. "उद्या ऑफिसात ये," एवढंच म्हणाले. त्यांची जीप फाटकातून जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो. भिकाजी पायरीवर बसून विडी पेटवत होता, ती काही पेटेना.

बाईंनी अहवालाचा कागद पुढं केला. खाली खात्याच्या प्रतिनिधीच्या सहीची जागा होती. पण पेन देताना त्या थांबल्या.

"एक सांगते. मी रस्ता नको असं लिहिणार नाही. रस्ता हवाच. पण दुसरी वाट आहे असं मी लिहिलं की हा रस्ता थांबतो आणि दुसरा लगेच सुरू होत नाही. त्या बागवाल्याला तुम्ही ओळखता, मी ओळखत नाही. किती उशीर होईल?"

"दोन वर्षं. फार तर तीन."

"हा रानातला कधी झाला असता?"

"दोन वर्षांत. पण पावसात बंद राहिला असता."

"उरलेले आठ महिने चालू राहिला असता," बाई म्हणाल्या. "तुम्ही अजून कायम झाला नाहीत ना? उद्या करा सही. विचार करून."

"आज करतो," मी म्हणालो. "उद्या मी विचार करीन."

मी सही केली. डाव्या हातानं अंगठा धरून करावी लागली, त्यामुळे ती सही माझी वाटत नाही.

पुढं जे झालं ते थोडक्यात सांगतो. माझं कायम होणं एक वर्ष पुढं गेलं आणि बदली जतला झाली. रानातली आखणी रद्द झाली. पायवाटेची मंजूर व्हायला दोन वर्षं गेली, माझा अंदाज तिथवर बरोबर होता. मग बागवाला कोर्टात गेला. तिथं सहा वर्षं. मग तो वारला, मग मुलांची आपसात समजूत पटायला आणखी वर्ष-दीड वर्ष, मग कंत्राटदार पळाला. सही केली त्याच वर्षी जूनमध्ये बाईंचं एक कार्ड आलं होतं. भिकाजीनं त्यांना कळवलं होतं की मेच्या शेवटी ढोलीचं दार फुटलं आणि दोघं बाहेर पडली, आई आणि पिल्लू. त्यानं ते खाली बसून पाहिलं होतं, कामावर दांडी मारून. सबनीसबाई दोन हजार चारमध्ये गेल्या. रस्ता त्यानंतर पाच वर्षांनी झाला. सही केल्यापासून अकरा वर्षं.

रस्ता झाल्याचं कळलं तेव्हा मी रजा काढून गेलो. सकाळी लवकर निघालो, खालून वाडीपर्यंत एकोणीस मिनिटं लागली. चढ सोपा होता. मोऱ्या चांगल्या बांधल्या होत्या. पहिल्या घराच्या खळ्यात एक म्हातारा कोकमाची सोलं वाळत घालत होता. मी गाडी थांबवून उतरलो.

"खयसून इलास?" त्यानं विचारलं.

"सोलापूरकडून. पूर्वी इथं नोकरीला होतो."

त्यानं मला बाकावर बसवलं. मी सगुणाची चौकशी केली. ती लंगडते, पण नवऱ्याबरोबर म्हापशाला असते, बरी आहे, असं तो म्हणाला. मग मी विचारलं की मधल्या वर्षांत डोली किती वेळा न्यावी लागली.

"लय वेळा. तेचो हिशोब कोण ठेवता?" तो म्हणाला. हातातली सोलं त्यानं खाली ठेवली. "पण खाली पोचूक नाय ते चार. बारक्याचो बापूस. गोपाळाची सून, बाळंतपणात. शाळेतलो मास्तर, त्येका साप चावलो होतो. आणि आमची."

"आमची म्हणजे?"

"बायल माझी."

मी विचारलं, "पावसात गेल्या?" पावसात रानातला रस्ता बंदच राहिला असता, म्हणून विचारलं.

"नाय. माघात."

मग मी त्याला सांगितलं. रस्ता आधी रानातून व्हायचा होता, तो दोन वर्षांत झाला असता, मी एका कागदावर सही करून दिली म्हणून तो थांबला. म्हातारा ऐकत होता. मधे त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजे ती गेली तेव्हा तो रस्तो चार वर्सांचो असतो," तो म्हणाला.

"हो."

"कित्याक दिलात कागद?"

मी सांगितलं. ओढा, दरड, झाडं, ढोलीतली मादी. वाडीचा अर्ज. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. सांगताना ते पुष्कळ वाटलं नाही.

"बरोबर आसा," तो म्हणाला. "थय रस्तो टिकलो नसतो. आमीच म्हणी होतो, हयसून करा."

मग तो उठला, गुडघ्यावर हात टेकून, आणि आत गेला.

थोड्या वेळानं त्याची सून चहा घेऊन आली. गुळाचा होता. मी प्यायलो. कप बाकावर ठेवला आणि बसून राहिलो. रस्त्यावरून एक रिक्षा वर आली, दोन बायका उतरल्या, रिक्षा वळून खाली गेली. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. सून कप न्यायला आली.

"आजोबांना सांगता का, मी निघतो म्हणून?"

तिनं आत डोकावून पाहिलं आणि परत आली.

"निजलेत ते," ती म्हणाली.

सकाळचे अकरा वाजले होते.